आजचं चिंतन : संकल्प माझा, सोबत सगळ्यांची

गीता सांगते (६.५), स्वतःचा उद्धार स्वतःच करावा. मग आम्ही खर्रा सोडणारे अमरावती-अकोल्याचे मित्र रोज सकाळी एकमेकांना ‘आज नाही’ असं कळवतो, तो मनाचा दुबळेपणा का?

मला नाही वाटत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. तिथं शेजारचा माझ्या वाटची प्रार्थना करत नाही. पण तो बसलाय म्हणून मीही उठत नाही. तलफेचा जोर काही मिनिटंच असतो. तेवढा वेळ असं कुणीतरी शेजारी हवं. नकार ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.

आज पाय पानठेल्याकडं वळले, तर आधी मित्राला फोन लावा. मित्र नसेल तर सरकारी मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६.