मालकी आणि ऋण

खरेदीखताने मनुष्य वस्तूचा मालक होतो, हे कायद्यापुरते खरे; परंतु नीतीचा प्रश्न तेवढ्याने मिटतो काय? सिमल्याच्या क्लार्क्स हॉटेलाची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

मोहन सिंग ओबेरॉय हे १९२२ साली तेथील सेसिल हॉटेलात दरमहा ५० रुपयांवर कारकून झाले. पुढे त्यांचे वरिष्ठ क्लार्क यांनी स्वतःचे लहानसे हॉटेल घेतले, तेव्हा त्यांनी ओबेरॉय यांना सोबत नेले. १९३४ साली पत्नीचे दागिने व होती नव्हती ती मालमत्ता गहाण टाकून ओबेरॉय यांनी तेच हॉटेल विकत घेतले. १९४३ साली सेसिल ज्या कंपनीचे होते, तिची सूत्रेही त्यांच्या हाती आली.

उद्योगशीलतेचा हा आदर्श आम्हांस मान्यच आहे. तथापि हॉटेल घेणारा नेमके काय विकत घेतो? भिंती व पलंग यांची किंमत ठरविता येते. पण पाहुणा येतो तो नावावरील विश्वासाने, आणि तो विश्वास आचारी, वाढपी, धोबी यांच्या रोजच्या श्रमांनी साठलेला असतो. त्याचे मोल मात्र विकणाराच्या पदरी पडते. पाटीवर क्लार्क यांचे नाव राहिले, मालकी ओबेरॉय यांची झाली. ज्यांचे दागिने गहाण पडले त्या इसरन देवींचे नाव कितीजणांस ठाऊक असेल?

म्हणून आम्हांस वाटते की, मालकी पत्करणाराने हे ऋणही पत्करले पाहिजे. खरेदीखतात त्याची नोंद नसते व कोणतेही न्यायालय ते वसूल करीत नाही. यास्तव ते फेडणे सर्वस्वी मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर अवलंबून राहते.