फाशीची शिक्षा आणि पहिले शील



गेल्या पौर्णिमेला मोखाड्यात वंदना आटोपल्यावर एका आईने मला थांबवले. त्यांच्या घराने नुकतीच दीक्षा घेतली आहे. "गुरुजी, आपण प्राणिहिंसा करणार नाही असे म्हणतो. मग खैरलांजीच्या खुन्यांना फाशी द्या म्हणून मोर्चे आपलेच निघाले, ते कसे?" मला चटकन उत्तर सुचले नाही. मुलगा असताना मीही त्या घोषणा दिल्या होत्या.

29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारले. 2008 साली सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली; 2010 साली नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. आपण संतापलो. पण त्या संतापात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. जातीय द्वेष होता हेच त्या न्यायालयांनी मानले नाही, ही खरी जखम. फास निघाला, हे दुसरे. पहिल्यासाठी आजही भांडले पाहिजे. दुसऱ्याबद्दल थांबून विचार करा.

आपल्या घाटाच्या पलीकडचीच गोष्ट घ्या. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला आपण नेहमी जातो. त्या नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये पेरूच्या बागेतल्या झोपडीत एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच माणसे मेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. पकडले गेले भटक्या जमातीचे सहा मजूर. 2006 साली सत्र न्यायालयाने साऱ्यांना फाशी दिली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे उघड झाले.

पूर्वी अशा निकालावर फेरविचाराचा अर्ज आला, तर न्यायाधीश दालनातच कागद पाहून तो निकाली काढीत. 2014 साली घटनापीठाने ठरवले की, फाशीच्या प्रकरणात फेरविचार उघड्या न्यायालयात, किमान तीन न्यायाधीशांसमोर व्हावा. (अमेरिकेत राज्याच्या न्यायालयाने फाशी दिलेला कैदी संघराज्याच्या न्यायालयाकडे धाव घेऊ शकतो, 1996 च्या कायद्याने ती वाट बरीच अरुंद केली.) नाशिकच्या खटल्याचा फेरविचार झाला, आणि 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन साऱ्यांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे दाखवली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता! आरोपी भटके, अत्यंत गरीब, म्हणून खोटे गोवले गेले असण्याची शक्यता न्यायालयाने स्वतः बोलून दाखवली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख!

वाचकहो, फास कोणाच्या गळ्यात आधी बसतो ते पाहा. ज्याला वकील नाही, ज्याच्या जमातीला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्याच्या. तो कायदा 1952 साली गेला. संशय गेला नाही. जव्हारच्या पाड्यावरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी 3 जून 1949 रोजी घटना समितीत फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालू असताना सांगितले की, त्यापेक्षा फाशीच रद्द करणे मला अधिक पसंत आहे. हा देश अहिंसा मानतो, तर ते त्याला शोभेल. हे बोलणारा माणूस हळवा नव्हता, कायदेपंडित होता.

आता कोणी म्हणेल, नाशिकचे लोक निर्दोष होते. खरा खुनी असला तर? त्यासाठीच अंगुलिमालाची कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात घेतली. तो निर्दोष नव्हता. राजा प्रसेनजित सैन्य घेऊन त्याला पकडायला निघाला होता, आणि त्याला भेटला तो भिक्षू. मेलेल्या माणसांचे दुःख त्यामुळे पुसले गेले नाही, हेही मी त्या माउलीपासून लपवणार नाही. पण खुन्याला मारूनही ते पुसले जात नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी त्यांना एवढे सांगणार आहे: मोर्चा काढू, जातीय द्वेषाची नोंद व्हावी म्हणून भांडू, कैद व्हावी म्हणून साक्ष देऊ, फाशीची घोषणा मी आता देणार नाही. त्या पटवून घेतील की नाही, कोण जाणे. नाशिकच्या त्या पाच जणांना कोणी मारले, हे मात्र 2019 च्या निकालानंतरही सिद्ध झालेले नव्हते.