रविवारची हवा

आमच्या माडांच्या बागेखाली कर्लीची खाडी आहे. तिथे पाण्यात एक तराफा पाच-सहा वर्षं बांधलेला होता. आता तो काठावर उपडा पडलाय आणि त्याच्या पोटाखाली आमची कोंबडी अंडी घालते. ह्या तराफ्यापायी माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसलाय. मी शिकलेला माणूस नव्हे. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा शिकलेला नि न शिकलेला सारखाच कुशी बदलतो.

आधी तराफा म्हणजे काय ते सांगतो. माझ्या पुतण्याने पर्यटकांसाठी बोट घालायची ठरवली होती. त्याने एकाचा बंद पडलेला धंदा होता त्याच्याकडून हा जुना तराफा स्वस्तात उचलून आणला. चार कोपऱ्यांना फायबरच्या चार टाक्या, खालून उघड्या. वर लोखंडी चौकट. त्या चौकटीवर होडी बसते. काठावर एक ब्लोअर, त्याच्या नळ्या टाक्यांत गेलेल्या. ब्लोअर चालू केला की टाक्यांत हवा शिरते, आतलं पाणी खालून बाहेर पडतं आणि तराफा होडीसकट वर उचलला जातो. चावी उघडली की हवा निघून जाते, तराफा खाली बसतो आणि होडी तरंगत बाहेर निघते. भरती-ओहोटीला सगळंच्या सगळं वरखाली होतं, म्हणून दोर सैल-घट्ट करत बसायला नको. पुतण्या वर्षभरात गोव्याला हॉटेलात नोकरीला लागला. तराफा माझ्या गळ्यात.

खाऱ्या पाण्यात होडी कायम ठेवली की काय होतं हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. आठ-पंधरा दिवसांत तळाला शेवाळाची बुळबुळ धरते, मग चुन्याचे टोकदार दाणे चिकटतात, पाय कापतील असे. होडी जड होते, इंजिन तेल पितं. पूर्वी लाकडाच्या होड्या होत्या तेव्हा तर किडा आतून लाकूड पोखरायचा. वरून होडी धडधाकट आणि आत चाळण. म्हणून जुनी माणसं तळाला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायची. पावसाच्या तोंडावर गोल ओंडक्यांवरून होडी ओढून काठावर घ्यायची, वर झाप घालायचे, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. होडी ओढायला दहा माणसं लागायची आणि दहा माणसं मिळायची. आता वाडीत हाक मारली तर चार म्हातारे आणि एक कुत्रा येतो.

तर दाजी. दाजी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. नात्याने कोणी नाही, पण लहानपणापासून दाजीच म्हणतो. तो खाडीतल्या जुव्यावर राहतो, बेटावर. तिथे थोडीच घरं आहेत. तिथली सात पोरं तो रोज सकाळी आपल्या फायबरच्या होडीतून शाळेसाठी अलीकडे आणतो, दुपारी पोचवतो, मग मासळीचं बघून संध्याकाळी परत. गुडघे गेले तशी त्याला होडी ओढणं जमेना. मुक्कामही त्याने अलीकडे लेकीकडे हलवला. एका आश्विनात तो मला म्हणाला, "भावा, तुझ्या त्या तराफ्यार माझी होडी ठेवूया काय रे?"

मी म्हटलं, "ठेव मरे. एक टाकी जरा ढिली आसा, तेवढा बघून घे."

ह्यातला 'जरा' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्यावर मी पुढे पुष्कळ टेकलोय.

दाजी खूश. संध्याकाळी होडी वर, सकाळी खाली. परतीचा पाऊस चालूच होता, म्हणून होडी तराफ्यावर चढली की तो मागच्या फळीचं बूच काढून ठेवायचा, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी आपोआप गळून जाईल. सकाळी उतरवताना बूच परत लावायचं. जाणते लोक असंच करतात, त्यात चूक काही नाही. बूच दोरीला बांधून त्याने इंजिनाच्या दांड्याला अडकवलेलं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद. दाजी धाकट्या मुलीकडे कणकवलीला गेला, होडी तराफ्यावर. पाडव्याच्या सकाळी मी खाली गेलो तर तराफा मागच्या डाव्या अंगाला कलला होता, हातभर. पाणी फळीपासून चार बोटांवर. मी ब्लोअर लावला, तराफा सरळ झाला. संध्याकाळी परत थोडा कलला. टाकीत नळी शिरते तिथला सांधा गेला होता. दुरुस्त करायचं तर तराफा बाहेर काढायला हवा. चौकटीचे नट खाऱ्या पाण्याने बोल्टाशी एकजीव झालेले, टाकीच्या पोटाला दाण्यांचा थर. सहा माणसं, मालवणहून फायबरवाला, दोन दिवसांचा खोळंबा. म्हटलं भात झोडून होऊ दे, मग बघू. तोवर रोज दोन वेळा हवा भरली.

दाजी परत आला, होडी जागच्या जागी सरळ बसलेली. म्हणाला, "भावा, तराफो बेस आसा हां तुझो." मी हसलो.

खरं म्हणजे मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आवडला, आणि त्या आनंदाचा धनी मी होतो. उपकार करणाऱ्याला आपला उपकार किडका आहे हे सांगणं जड जातं. विकायची वस्तू असती तर सांगितलं असतं का? तेही सांगवत नाही. आमच्या आबांनी एकदा बैल विकला. तो चिखलात मध्येच बसायचा. आबांनी घेणाऱ्याला ते सांगितलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, बाजारात येणारा पैसे आणतो तसे डोळेही आणतो. दात त्याने मोजले, चालवून त्याने बघितला, आता माझं काय? मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. पण आबांच्या बोलण्यात एक गोष्ट होती. घेणारा संशय घेऊन येतो. दाजी संशय घेऊन आला नव्हता. फुकट मिळालेल्या वस्तूचे दात कोण मोजतो? शिवाय माझ्या वस्तूचे दात मोजणं त्याला अपमान वाटला असता, माझा. म्हणजे विकताना जेवढं सांगायला हवं त्यापेक्षा फुकट देताना जास्त सांगायला हवं, असं काहीतरी उलटंच निघतं. वाडीत हे कोणी मानत नाही.

मग माझा नेम सुरू झाला. रोज रात्री जेवल्यावर बॅटरी घेऊन खाली जायचं, दहा मिनिटं ब्लोअर. रविवारी दोनदा, कारण शनिवारी दुपारी चढवलेली होडी सोमवारी सकाळीच उतरायची. दाजीला काही कळायचं कारण नव्हतं. तो संध्याकाळी स्वतः हवा भरायचा, सकाळी स्वतः सोडायचा, मधल्या रात्री काय होतं ते मलाच ठाऊक. मला वाटायचं मी त्याची होडी सांभाळतोय. सांभाळत होतो हेही खोटं नाही.

मार्गशीर्षात मुंबईला भाच्याचं लग्न निघालं. शनिवारी आम्ही दोघं कुडाळहून गाडीत बसलो. गाडी कणकवलीच्या पुढे गेल्यावर मला आठवण झाली. शेजारच्या पोराला फोन करून हवा भरायला सांगता आलं असतं. पण मग का भरायची ते सांगावं लागलं असतं, आणि ते दाजीच्या कानावर गेलं असतं. म्हटलं एका रविवाराने काय होतं. मंगलकार्यालयात जेवणाच्या पंगतीत बसलो होतो तेव्हासुद्धा एकदा मनात आलं. जिलबी चांगली होती.

सोमवारी सकाळी सात पोरं दप्तरं घेऊन पलीकडच्या धक्क्यावर उभी. दाजी येऊन बघतो तर तराफा मागून बुडालेला आणि होडी नाळ वर करून उभ्यासारखी. झालं असं की मागची डावी टाकी भरत गेली, तिथेच इंजिनाचं वजन, म्हणून ती बाजू आणखी खाली. पाणी फळीपर्यंत आलं आणि बुचाच्या भोकातून आत शिरलं. पावसाचं पाणी बाहेर जायला ठेवलेलं भोक, त्यातूनच खाडी आत आली. होडी नुसती दोराला बांधून पाण्यात सोडली असती तर बूच लावलेलं असतं, तळाला दाणे धरले असते, पण ती तरंगली असती. तराफ्यावर विश्वास ठेवला म्हणून बूच काढलं होतं. ह्याच्यापुढे माझी मती चालत नाही.

इंजिन खाऱ्या पाण्यात बुडलं तर ताबडतोब बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावं लागतं, प्लग काढून आतलं पाणी झटकावं लागतं, तेल बदलावं लागतं. उशीर झाला की मीठ आपलं काम करतं. इथे रात्रभर बुडालेलं. मी सोमवारी रात्री पोचलो तेव्हा ते ताडपत्रीवर उघडून ठेवलं होतं आणि आतल्या कड्यांवर तांबूस धूळ आली होती.

दाजी म्हणाला, "मेल्या, माणूस नाय ना गेलो. होडी काय, परत चडतली." वर म्हणाला, "तू सांगितललंस माका, टाकी ढिली आसा म्हणान. मीच बघूक नाय." हे ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, लाज नंतर वाटली. हा क्रम मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

वाडीत चर्चा झालीच. बहुतेकांचं म्हणणं, फुकट जागा दिल्यान, वर तेकाच दोष? पोस्टातून निवृत्त झालेले एकजण म्हणाले की सूचना दिलेली होती, त्यामुळे जबाबदारी घेणाऱ्याची. सगळे माझ्या बाजूने. फक्त आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही रोज रात्री वारो भरूक जायत होतास, ह्या तेंका ठावक होता?" मी म्हटलं, त्याच्याच भल्यासाठी जात होतो. ती पुढे काही बोलली नाही, भाकरी उलटली.

आमची थोडी खारजमीन आहे. लहानपणी कुर्ल्या बांधाला भोकं पाडायच्या. उधाणाच्या आधी आबा बांधावरून फिरायचे आणि भोक दिसलं की वाडीभर ओरडायचे. चिखल आम्ही घालायचो, पण भोक कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असायचं. आबांना सर्दीताप आला तर दुसरा कोणी जाऊन बुजवायचा. बैलाच्या बाबतीत गप्प बसलेला माणूस बांधाच्या बाबतीत गप्प बसला नाही, कारण पाणी शिरलं तर सगळ्यांच्याच भातात शिरणार. माझं भोक मी एकट्याने बुजवत राहिलो. मी होतो तोवर ते भोक कुणालाच नव्हतं. मी नसल्यावर एकदम झालं. मी हवा भरलीच नसती तर दाजीला पहिल्याच रविवारी कललेली होडी दिसली असती आणि त्याने ती काढून घेतली असती.

अठरा दिवस ती पोरं शाळेत आली नाहीत. दुसरी होडी मासळीच्या वेळा सोडून पोरांसाठी येईना. दोघांची परीक्षा बुडाली. इंजिनाचा खर्च मी अर्धा दिला. दाजी घेत नव्हता, मग घेतला. अर्धाच का दिला? पूर्ण दिला असता तर त्याने कारण विचारलं असतं.

तराफा मी नंतर सहा माणसं आणून बाहेर काढला. सहा माणसं मिळाली, एका दुपारचं काम झालं.

दाजी आता होडी माझ्याच काठाला, माडाला दोर बांधून ठेवतो. बूच घट्ट लावलेलं असतं. रात्री जेवल्यावर माझे पाय अजून खाली वळतात, मग मी तिथे उभा राहून बिडी ओढतो आणि वर येतो. दाजीला वाचता येत नाही. पण त्याचा नातू आठवीत आहे आणि माझं छापून आलेलं काही असलं की तो आजोबाला ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवतो. हेही दाखवील.