भाड्याची जागा आणि अमानत

वर्धा शहरातली मगनवाडी म्हणजे मूळची जमनालाल बजाज यांची बाग, आतल्या घरासह. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजींनी ही जागा त्या कामासाठी देऊन टाकली. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजी इथे राहायला आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर सेगावला निघून गेले. जे. सी. कुमारप्पा मात्र इथेच राहिले. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग चालले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते संग्रहालय उघडले. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची संशोधन संस्था आली आणि आज तिच्या जागी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. गंमत अशी की, ज्यांचे नाव वाडीला मिळाले ते मगनलाल गांधी १९२८ सालीच वारले होते. मगनवाडी त्यांनी पाहिलीच नाही.

राहणारे बदलले, पाट्या बदलल्या, पण जागा अजून ग्रामोद्योगाच्याच कामात आहे. हे आपोआप होत नाही. देणाऱ्याच्या हेतूची आठवण प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला ठेवावी लागते.

आपल्याकडे यासाठी 'वक्फ' हा शब्द आहे. वाकिफने एकदा जागा दिली की ती त्याची राहत नाही, त्याच्या वारसांची नाही, मुतवल्लीचीही नाही. तिच्या उत्पन्नावर ज्यांचा हक्क, ते यतीम, विधवा, शिकणारी मुले, बहुधा त्या बाजारात कधी येतही नाहीत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या नोंदणीकृत वक्फ मिळकती ४.९ लाख, त्यांचे बाजारमूल्य अंदाजे १ लाख २० हजार कोटी रुपये, आणि वर्षाचे उत्पन्न फक्त १६३ कोटी असे आकडे आहेत. सरकारी कब्जे, मंडळांची ढिलाई ही कारणे खरीच. पण मशिदीच्या गाळ्यांत बसलेले बरेच भाडेकरू आपलेच भाऊबंद आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

भाडेकरूची बाजूही पोकळ नाही. आजोबांनी शिलाई मशीन टाकले, बापाने घड्याळे दुरुस्त केली, मुलगा मोबाइल विकतो. चार पिढ्यांची गिऱ्हाइके त्या उंबरठ्याला ओळखतात. जागेची किंमत वाढली त्यात त्यांच्याही घामाचा वाटा आहे. अशा माणसाला एका नोटिशीने रस्त्यावर काढणे मला न्याय वाटत नाही. त्याची रोजी राहावी, भाडे मात्र आजच्या हिशेबाने, टप्प्याटप्प्याने का होईना, वाढावे.

पण पावतीवर नाव एकाचे आणि गल्ल्यावर बसलेला दुसराच असेल, तर? महिन्याला शे-दोनशे रुपये मशिदीला भरायचे आणि पोटभाडेकरूकडून हजारो घ्यायचे, हा कुठला घाम? जकात काढताना पै-पैचा हिशेब करणारा सज्जन माणूस या फरकाला बिनधास्त आपली कमाई म्हणतो. कायद्याच्या तारखा पडत राहतील, पण तोवर आपल्या हातात काहीच नाही असे नाही. कोणत्या गाळ्यात कोण बसते, किती भाडे देते, याची यादी जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या दाराशी लावायला एक कागद पुरतो.