अक्षराचं पोट

स्टेन्सिलवर 'विठ्ठल' हा शब्द टाइप करणं फार जिकिरीचं असतं. स्टेन्सिल म्हणजे मेणकागद. टंकलेखन यंत्राची रिबन बाजूला सारायची आणि उघड्या टाइपाने त्या कागदावर अक्षर कापायचं. जिथे मेण कापलं जातं तिथून शाई खाली उतरते. बोट जरा जोरात पडलं की अक्षराच्या आतला गोल तुकडा सुटतो आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटतो. आम्ही म्हणायचो, पोट गळालं. 'विठ्ठल' या एका शब्दात अशी तीन पोटं आहेत, एक 'व'चं आणि दोन 'ठ'ची. गळालं की बाटलीतलं लाल द्रव ब्रशने लावायचं, फुंकर घालून वाळवायचं आणि हलक्या बोटाने तेच अक्षर पुन्हा मारायचं.

मी इंदापुरात कचेरीजवळ १९८७ पासून टायपिंगचं काम करते. दिवसभर खरेदीखतं, गहाणखतं, प्रतिज्ञापत्रं. १९८९ ते १९९६ या वर्षांत रात्री जे टाइप केलं ते मात्र आमचं स्वतःचं होतं. आम्ही चौघं मिळून एक अनियतकालिक काढायचो. निमगाव केतकीचे एक प्राथमिक शिक्षक, त्यांना आम्ही गुरुजीच म्हणायचो. बारामती-इंदापूर गाडीवरचे एक वाहक, ते भाऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणारा एक तरुण. आणि मी. फुलस्केपची आठ पानं, प्रती ऐंशी. एका शिकवणीवर्गात प्रश्नपत्रिका छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं, ते रात्री आम्हाला मिळायचं. भाऊ पिशवीतून अंक न्यायचे आणि सणसर, लासुर्णे, अंथुर्णे अशा थांब्यांवर ओळखीच्या हातात द्यायचे. सात वर्षांत नऊ अंक निघाले. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोचलेल्या शेतांबद्दल, उजनीत बुडालेल्या गावांबद्दल, गव्हाणीत उसाबरोबर चिरडून निघणाऱ्या हंगामांबद्दल ज्यांनी लिहिलं, त्यांचं दुसरीकडे कुठे छापून आलं नसतं.

एका रात्री काट्यावरचा पोरगा माझ्या शेजारी बसून मी 'ठ' दुरुस्त करताना बघत होता. तो म्हणाला, "ताई, गुरुजी सांगतात की अक्षर म्हणजे जे गळत नाही ते. मग हे काय गळतंय?"

त्याचा प्रश्न साधा होता, पण मला तो आजपर्यंत सोडत नाही. जे क्षरत नाही ते अक्षर. ब्रह्मालाही अक्षर म्हणतात आणि माझ्या यंत्रावरच्या 'ठ'लाही अक्षरच म्हणतात. ज्या भाषेने या दोघांना एकच नाव दिलं, तिने लिहिणाऱ्याच्या पदरात फार मोठा शब्द टाकला आहे. आपण लिहिलेलं टिकणार नसेल, तर ते अक्षर म्हणायचं का? आणि टिकणार नाही हे माहीत असताना लिहिणं हा धर्म आहे की नुसती हौस?

आमच्यासारखे लोक मराठीत आधीही होते. पन्नासच्या दशकाच्या मध्यात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, तेही असंच चक्रमुद्रित. पुढे अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, औरंगाबादहून भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाल्यांचं 'येरू', नामदेव ढसाळांचं 'विद्रोह'. या मंडळींनी बड्या मासिकांच्या दारात उभं राहून परवानगी मागितली नाही. कागद मिळाला की अंक, पैसे संपले की थांबायचं. काही अंक आज ग्रंथालयांतही सापडत नाहीत.

याच पिढीतले लोक पुढे एकेक करून तुकोबांकडे आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नेमाड्यांनी १९८० मध्ये साहित्य अकादमीसाठी तुकारामांवर पुस्तक लिहिलं. चित्र्यांनी कितीतरी वर्षं अभंग इंग्रजीत नेण्यात घालवली, ते भाषांतर १९९१ मध्ये आलं. कोलटकरांनी २००३ मध्ये आलेल्या आपल्या मोठ्या संग्रहाला नावच दिलं 'भिजकी वही'. हे येणं वयोमानाने आलेल्या भक्तीतून झालं असं मला वाटत नाही. "तुला लिहायला कोणी सांगितलं?" हा प्रश्न तुकोबांना समोरासमोर विचारला गेला होता, आणि तोच यांनाही विचारला गेला. तुकोबांचं उत्तर ठाऊक आहे: नामदेवराय स्वप्नात पांडुरंगाला घेऊन आले आणि हे काम सांगून गेले. शास्त्र्यांची, राजाची, छापखान्याची परवानगी त्यात कुठेच नाही.

मी खतं टाइप करणारी बाई असल्यामुळे तुकोबांच्या चरित्रातला एक तपशील माझ्या मनात फार खोल बसला आहे. इंद्रायणीत त्यांचे कागद दोनदा बुडाले. पहिल्यांदा त्यांनी स्वतः बुडवले. वडिलोपार्जित सावकारीची खतं होती, त्यांतला भावाचा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी नदीत टाकली. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, कारण शूद्राने प्राकृतात वेदांचा अर्थ सांगू नये असा वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा आक्षेप होता. कथा सांगते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. खतं वर आल्याचं कोणतीच कथा सांगत नाही.

मी दिवसभर जे टाइप करते ते सगळं राहावं म्हणूनच टाइप करते. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातं, त्याची नक्कल निघते, वीस वर्षांनी कोर्टात ते दाखवता येतं. कागद टिकणं म्हणजे एकाचा दुसऱ्यावरचा हक्क टिकणं. तुकोबांनी तो हक्क पाण्यात सोडला. माझ्या मते वह्यांची कथा तिथून सुरू होते. आधी ज्याने टिकणारा कागद आपल्या हाताने बुडवला, त्याच्याच दुसऱ्या कागदाबद्दल लोकांना म्हणावंसं वाटलं की हा बुडणार नाही.

मी वारकऱ्याची लेक आहे. वह्या देवाने तारल्या की माणसांनी, या वादात मला शिरायचं नाही, कारण मला ती दोन उत्तरं वाटत नाहीत. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग उतरून घेतले, गंगाराम मवाळांनी घेतले, टाळकऱ्यांच्या तोंडी ते बसले होते. रशियात नादेज्दा मांदेलश्ताम या बाईने नवऱ्याच्या कविता कागदावर ठेवणं जिवावरचं होतं म्हणून वर्षानुवर्षं पाठ करून जपल्या. तिच्या तोंडी असलेली कविता आणि संताजींच्या वहीतला अभंग ही एकाच जातीची कृपा आहे. कृपा माणसाच्या हातानेच येते.

पण मग ज्यांना संताजी मिळाला नाही त्यांचं काय? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला बगल देऊन तुकोबांची कथा सांगणं मला पटत नाही. बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत राहिले. १७२९ मध्ये जन्मले, १७९४ मध्ये गेले. बाबूजी नाईकांचा आश्रय त्यांना होता, आणि त्यांच्या आर्यांचा मोठा ठेवा आपल्यापर्यंत पोचला. मोरोपंतांबद्दल मला आदर आहे, 'केकावली'तली कळकळ खरी आहे. पण आश्रयही नाही आणि संताजीही नाही, असे किती असतील? त्यांच्या वह्या बुडाल्या त्या बुडाल्याच. तेरा काय, तेराशे दिवस बसूनही त्या वर आल्या नसत्या.

आमचे नऊ अंक असेच गेले. प्रत्येक अंकाची एक प्रत मी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. एका पावसाळ्यात छपराची पन्हळ फुटली, पाणी ट्रंकेत किती दिवस मुरलं ते कळलंच नाही. उघडली तेव्हा आत पिठाच्या गोळ्यासारखा एक गठ्ठा होता. शाई एका पानातून दुसऱ्यात उतरली होती. मी तो गठ्ठा उन्हात ठेवला आणि वाळल्यावर एकेक पान सोडवायला गेले, तर पापुद्रे हातात आले. त्या दिवशी मी जेवले नाही. गुरुजींकडे तिसरा आणि सातवा अंक निघाला. बाकी सात अंक कुणाकडेच नाहीत, आणि त्यांतल्या ओळी मलासुद्धा आता आठवत नाहीत, ज्या मी एकेक अक्षर कापून लिहिल्या होत्या.

त्याच सुमारास मी उन्हाळ्यात पळसदेवला गेले होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि आमच्या तालुक्यातली भीमाकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं दगडी मंदिर पाणी उतरलं की बाहेर येतं, आणि लोक होड्यांतून बघायला जातात. मीही गेले. मन हळवं होतंच. बुडालेलं वर येतं, हे डोळ्यांनी बघावं असं वाटत होतं. दगड सगळे जागच्या जागी होते. पण दिवा नव्हता, घंटा नव्हती, गावातलं कुणी पूजेला आलेलं नव्हतं. गाव उठलं तेव्हा त्याने वरच्या अंगाला नवं गावठाण बसवलं आणि तिथे पळसनाथाचं नवं देऊळ बांधलं. रोजचा नमस्कार तिथे होतो. पाण्यातून वर आलेलं मंदिर बघून माझ्या मनातला एक गैरसमज गेला. टिकणं आणि जिवंत असणं मी एकच धरून चालले होते.

माझं उत्तर मला मिळालं ते सातव्या अंकाच्या वेळच्या एका गोष्टीत. ती घडली तेव्हा मला कळली नव्हती. गुरुजींची शाळा ऊसतोड कामगारांच्या तळाजवळ होती. बीडकडून आलेली एक बाई पहाटे मोळी बांधताना ओव्या म्हणायची. गुरुजींनी तिला विचारून तिच्या पाच ओव्या उतरून घेतल्या आणि आम्ही त्या सातव्या अंकात छापल्या. अंक निघाला तेव्हा गुरुजी तो घेऊन तळावर गेले. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी तिला तिच्याच ओव्या वाचून दाखवल्या. तिने दोन ठिकाणी शब्द दुरुस्त केले, पोरीला जवळ बोलावून पुन्हा वाचायला लावलं, आणि अंक कोपीत खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गेले तर त्या पानांनी तिने चूल पेटवली होती. पाचट ओलं होतं. तव्यावर भाकरी होती. तिने गुरुजींनाही दिली.

गुरुजी हे सांगताना खिन्न होते. मला तर रागच आला होता. रात्री काम झाल्यावर आम्ही डबे उघडले. गुरुजींची रीत होती, डबा उघडण्याआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचा. आपल्याकडे पुष्कळ घरांत जेवणापूर्वी तो म्हणतात. वीस श्लोकांचा लहानसा अध्याय. त्या रात्रीही ते म्हणाले, आणि एका जागी थांबले. क्षर आणि अक्षर या दोन पुरुषांबद्दल याच अध्यायात सांगितलं आहे, आणि उत्तम पुरुष या दोहोंच्या पलीकडचा असल्याचंही. पण त्याच्या दोनच श्लोक आधी भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहातला अग्नी मी आहे आणि चारी प्रकारचं अन्न मीच पचवतो. गुरुजी म्हणाले, "ताई, इतकी वर्षं म्हणतोय, पण अन्न आणि अक्षर इतक्या जवळ आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

मला त्या वाक्याचा अर्थ पुरता कळायला ट्रंक भिजावी लागली. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीला, इंदापूरला रिंगण होतं, आणि सराटीला पादुकांना नीरेचं स्नान घालतात. गावोगाव बाया पहाटे उठून भाकऱ्या थापतात. मीही थापते. त्या भाकरीबद्दल कुणी विचारत नाही की ही टिकेल का. ती वारकऱ्याच्या पोटात जावी, तिची चाल व्हावी, एवढ्यासाठीच ती असते. न खाल्लेली भाकरी टिकते आणि तिला बुरशी येते. तिच्याबद्दल घरात हळहळतात ते ती उरली म्हणून.

शब्दाचंही असंच आहे असं मी आता मानते. तो दुसऱ्याच्या आत जाऊन त्याचा झाला की त्याचं काम झालं. मग तो कागदावर राहिला तर आनंद, आणि ज्यांनी तो ठेवला त्या संताजींना दंडवत. पण राहण्यावर त्याचं पुण्य ठरत नाही. पळसदेवच्या दगडांसारखं मागे उरणं किंवा ट्रंकेतल्या पानांसारखं विरणं, हे क्षर आणि अक्षर या दोन्ही बाजूंना घडतच राहणार. त्यापलीकडे जे आहे ते मला एका माणसाने दुसऱ्याला वाचून दाखवण्याच्या त्या घटकेत दिसतं. आमच्या बुडालेल्या सात अंकांनाही अशा घटका मिळाल्या होत्या, लासुर्ण्याच्या थांब्यावर, अंथुर्ण्याच्या पारावर. मला त्या आठवत नाहीत म्हणून त्या झाल्या नाहीत असं होत नाही.

आता यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलंय, खतं संगणकावर होतात, तिथे कुठल्याच अक्षराचं पोट गळत नाही. सातवा अंक गुरुजींनी मला देऊन टाकला. त्या बाईच्या पाच ओव्यांत 'विठ्ठल' दोनदा येतो. कागद पिवळा पडलाय, पण सगळी पोटं उघडी आहेत, मी त्या रात्री एकेक तपासली होती. तिच्या चुलीत गेलेल्या प्रतीतही ती तशीच उघडी असणार, कारण स्टेन्सिल एकच होती.