पुरात उडी घेण्याआधी

पुरात बुडणाऱ्याला वाचवायला जो मागचापुढचा विचार न करता उडी घेतो, त्याला आपण पुण्यवान म्हणतो. पण बुडणाऱ्याने घाबरून गळ्याला मिठी मारली आणि दोघेही गेले, तर त्या उडीला सेवा म्हणायचे का? वर्धा आणि पैनगंगेच्या मधे वसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर सुमारे ४५ माणसे पुरात अडकली. हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा विदर्भातला तळ नागपूरला आहे. तिथून तुकडी येईपर्यंत काठावर गावकरीच असतात.

धावून जाण्याची वृत्ती इथे नवी नाही. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, तुकडोजी महाराजांनी मोझरीहून ग्रामसेवेला उपासनेचा मान दिला. गीतेने कर्मातल्या कौशल्याला योग मानले. बाबासाहेबांच्या विचारात करुणेसोबत प्रज्ञा येते. यांपैकी कोणीही आंधळ्या धडपडीला धर्म म्हटलेले नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. अशा वेळी हात जोडणाऱ्या माणसाला ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगणे फार जड जाते. तरीही तेच सांगणे खरी दया असते, आणि ते सांगण्याचे बळ सरावाशिवाय येत नाही.

प्रशिक्षणात हेच शिकवतात. आधी काठावरून काठी पुढे करा, मग दोर किंवा बंद रिकामा कॅन फेका, त्यानंतर नाव. पोहत जाणे सगळ्यात शेवटी. नावेत लाइफ जॅकेटशिवाय कोणी बसायचे नाही. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ न घालवता तोंडाने श्वास द्यायचा आणि छातीवर दाब द्यायचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत असे १२ दिवसांचे प्रशिक्षण होते. देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवणे हे तिचे उद्दिष्ट होते. भोई आणि धीवर समाजाला तर पाण्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना या कामात शिकवणाऱ्यांच्या जागी बसवले पाहिजे.

यवतमाळचा दुर्गोत्सव राज्यभर नावाजलेला आहे. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक विहाराने, नदीकाठच्या प्रत्येक भजनी मंडळाने या वर्षी आपली दोन तरुण माणसे निवडावीत आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे त्यांच्या प्रशिक्षणाची लेखी मागणी करावी. विसर्जनाच्या घाटावर पहिला दोर त्यांच्या हाती द्यावा.