वापरणाऱ्याचे माप

मराठीतले सर्वांत यशस्वी तांत्रिक पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर मी कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे नाव घेईन. 1970 साली आलेल्या आणि पुढे लाखाहून अधिक प्रती खपलेल्या या पुस्तकाला आपण पाककृतींचे पुस्तक म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण पाककृतीत असते काय? साहित्य, त्याचे प्रमाण, कामाचा क्रम, लागणारा वेळ आणि ‘झाले’ हे ओळखण्याची खूण. यंत्र जोडण्याच्या पुस्तिकेतही याहून वेगळे काही नसते. कमलाबाईंनी प्रमाणे दिली ती वाटी आणि चमच्याने. तराजू प्रत्येक स्वयंपाकघरात नसतो, वाटी असतेच. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीपेक्षा लहान असेल, पण तांदूळ आणि डाळ एकाच वाटीने मोजली की त्यांचे एकमेकांशी असलेले नाते बिघडत नाही. अनुभवी बाईच्या हाताला जे ‘अंदाजाने’ कळते, ते ज्या मुलीला अजून अंदाजच आलेला नाही तिच्या हातात देण्याची ही रीत आहे. तांत्रिक लेखनाचे मर्म मला इथे दिसते: जाणकाराच्या मापातले ज्ञान वापरणाऱ्याच्या मापात आणून देणे. भाषा सोपी करणे हा त्यातला एक भाग झाला, तोही नंतरचा. आधी वापरणाऱ्यापाशी कोणते माप आहे, हे शोधावे लागते. हा शोध वस्तू तयार झाल्यावर सुरू करून भागत नाही. तो वस्तू घडवण्याचाच भाग आहे, आणि म्हणून तो करणाऱ्या माणसाची जागा कारागिरांच्या रांगेत आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे स्वयंपाकघरापुरते राहिले असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कारणे अनेक होती. कापूस डोक्याएवढा वाढला होता, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. उकाड्यात अंग झाकणारे कपडे नकोसे होत होते. दोन-तीन रसायने एकत्र करून मारली जात होती. डब्यावरच्या मजकुराने माणसे मेली, असे मी म्हणत नाही. पण डब्यासोबत माहितीपत्रक देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि 1971 च्या नियमांनी डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचा रंगसुद्धा ठरवून दिला आहे: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. म्हणजे कागदोपत्री सूचना होती. ती कोणाच्या मापात होती, हे पाहू. पत्रकावर मात्रा छापलेली असते ती दर हेक्टरी, आणि पाणीही दर हेक्टरी. शेतकरी जमीन मोजतो एकराने, पाणी मोजतो पंपाने आणि रसायन मोजतो झाकणाने. हेक्टरला 500 लिटर पाण्यात 500 मिली, असे छापलेले असेल तर 16 लिटरच्या पंपाला 16 मिली बसते. हिशेब अवघड नाही. पण तो बांधावर, पाठीला पंप लावताना, बारीक अक्षरांतल्या घडीच्या कागदावरून करायचा असतो. कृषी विद्यापीठांच्या मराठी शिफारशी एक पाऊल पुढे येतात आणि 10 लिटर पाण्याला किती मिली, ते सांगतात. तरीही पाठीवरचा पंप सहसा 10 लिटरचा नसतो, तो 15, 16 किंवा 20 लिटरचा असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला तेवढ्याच रानासाठी कितीतरी कमी पाणी लागते, म्हणून त्यातले रसायनाचे प्रमाण तिप्पट ठेवावे लागते. ही गोष्ट अनेकदा शिफारशीच्या तळाशी एका ओळीत येते. तीच ओळ साध्या पंपावाल्याने चुकून आपल्यासाठी घेतली तर काय होईल, याचा विचार ती तिथे ठेवणाऱ्याने केलेला नसतो. हा विचार करणे हेच ज्याचे काम, असा माणूस त्या साखळीत कुठेच नेमलेला नसतो.

शब्दांचेही तसेच आहे. आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो आणि फवारणीला ‘औषध मारणे’. शब्द रूढ आहे, सोपा आहे, आणि म्हणून सोप्या मराठीचा आग्रह धरणारा कोणीही तो माहितीपत्रकात आनंदाने वापरील. पण औषध म्हणजे बरे करणारे. डब्यावर कवटी आणि हाडे छापायची आणि मजकुरात त्याच द्रवाला औषध म्हणायचे, यात एक हात दुसऱ्या हाताचे काम पुसून टाकतो. लोकांचा शब्द घ्यायचा, पण कोणता शब्द कोणत्या क्षणी वाचणाऱ्याला गाफील करील हे ओळखायचे, ही पारख शब्दकोशातून मिळत नाही. आता ‘लावणे’ हे क्रियापद घ्या. पंखा लावा म्हणजे सुरू करा. दार लावा म्हणजे बंद करा. मलम लावा म्हणजे पसरा, गाडी लावा म्हणजे उभी करा. घरात या सगळ्याचा अर्थ आपोआप लागतो. पण ‘गॅसच्या नळीवरचा कॉक लावा’ असे लिहिले तर तो बसवायचा की बंद करायचा? विमान उद्योगाला हीच अडचण इंग्रजीत आली. जगभरच्या विमानतळांवरचे अनेक मेकॅनिक इंग्रजी बेताचेच जाणणारे असतात. म्हणून युरोपातल्या विमान कंपन्या आणि उत्पादकांनी 1986 साली देखभालीच्या पुस्तिकांसाठी मर्यादित इंग्रजीचा एक नियमसंच काढला. आज तो ‘एएसडी-एसटीई 100’ या नावाने ओळखला जातो. एका शब्दाला एकच अर्थ, कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचे. इंग्रजी ‘क्लोज’ त्यात फक्त बंद करण्यासाठी वापरायचा, ‘जवळ’ या अर्थाने नाही. भाषेची श्रीमंती इथे जाणूनबुजून बाजूला ठेवलेली आहे आणि तसे करायला भाषेचे ज्ञान कमी लागत नाही. ‘लावणे’चे दहा अर्थ ज्याला ठाऊक नाहीत, त्याला त्यातले नऊ टाळताही येणार नाहीत.

लेखन हा वस्तूचाच भाग असतो, याचा सर्वांत कठोर पुरावा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राचा आहे. 28 मार्च 1979 ला तिथे एक झडप उघडी अडकली आणि थंड ठेवणारे पाणी बाहेर जाऊ लागले. आपत्कालीन पंप आपोआप सुरू झाले होते, पण पाणी जास्त झाले असे दाखवणाऱ्या निर्देशकावर विश्वास ठेवून कर्मचाऱ्यांनी त्यांचा प्रवाह कमी केला. अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मागे घडून गेली होती. दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977 मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच अडकली होती आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनीही पंप बंद केले होते. भट्टी तेव्हा कमी क्षमतेवर चालू असल्याने निभावले. दोन्ही भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांना धोका कळला. अशा वेळी पंप कधी बंद करू नयेत, हे केंद्रांना कळवावे, असे टिपण नोव्हेंबर 1977 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 1978 मध्ये लिहिले गेले. ते कंपनीतल्या विभागांमध्ये फिरत राहिले. थ्री माइल आयलंडच्या नियंत्रण कक्षापर्यंत ते पोचले नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने या टिपणांचा प्रवास तपशिलाने नोंदवला आहे, आणि केंद्रातल्या कार्यपद्धतीच्या पुस्तिका गोंधळात टाकणाऱ्या होत्या, असेही म्हटले आहे. आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिती होते, आणि सामान्य विद्यार्थ्याला संगणक वापरता यावा म्हणून तयार झालेल्या बेसिक या भाषेचे एक जनक. जाणकार आणि वापरणारा यांच्यातले अंतर त्यांना नवीन नव्हते. ज्ञान होते, ते लिहिलेही गेले होते. ते वरिष्ठांच्या टेबलापासून नियंत्रण कक्षात उभ्या असलेल्या माणसाच्या हातापर्यंत नेणे, ही कोणा एकाची जबाबदारी नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पुस्तिका कोणी वाचतच नाही, आणि चांगल्या वस्तूला पुस्तिका लागतही नाही. दुसऱ्या अर्ध्यात तथ्य आहे. दार ढकलायचे की ओढायचे, हे सांगायला पाटी लागत असेल तर मूठ चुकलेली आहे. चांगला तांत्रिक लेखक अशी पाटी लिहिण्याआधी मूठ बदला असे सांगतो, आणि म्हणूनच तो आराखड्याच्या वेळी हजर हवा. पण इन्सुलिनची मात्रा, वीजपंपाचे अर्थिंग, कर्जाच्या अर्जातली कलमे ही वस्तूच्या आकारात लपवता येत नाहीत, ती सांगावीच लागतात. आणि लोक वाचत नाहीत म्हणजे कादंबरीसारखे वाचत नाहीत. अडल्यावर ते नक्की शोधतात, आणि तेव्हा हवी ती ओळ सापडली नाही तर पुन्हा शोधत नाहीत. लोकांपर्यंत पोचते की नाही, हे मोजता येते, आणि बांगलादेशात ते मोजलेही गेले. अतिसारावर घरी करायचे मीठ-गुळाचे पाणी आयांना शिकवण्याची मोहीम ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 ते 1990 या दशकात चालवली आणि 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांपर्यंत नेली. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. इथेही माप शरीराचे आणि घरातलेच. मीठ जास्त झाले तर मूल दगावू शकते, म्हणून आयांनी बनवलेले पाणी प्रयोगशाळेत तपासले जाई. शिकवणाऱ्या बायांचा मोबदलाही आईला नंतर किती आठवते यावर ठरे. त्यांनी किती घरे केली एवढ्यावर तो ठरत नसे. इतके होऊनही सुरुवातीला असे दिसले की पुष्कळ आयांना कृती पाठ आहे, पण त्या ती वापरत नाहीत. मग शिकवणाऱ्यांना आधी हे पाणी काम कसे करते ते समजावले गेले आणि घरातल्या पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. ही शिकवण तोंडी होती, तरी तिच्यामागचा मजकूर मला तांत्रिक लेखनाचाच उत्तम नमुना वाटतो, कारण त्याची परीक्षा वाचणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या कृतीत घेतली गेली.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि जास्त गंभीर आहे. हे काम आता यंत्र करील, मग या वाटेला कोणी का जावे? पुणे आणि बंगळूर या शहरांत अनेक तांत्रिक लेखक परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजीत पुस्तिका लिहितात. त्यांच्या पोटाशी हा प्रश्न भिडलेला आहे. या व्यवसायाची अमेरिकेतली 1953 पासून चालत आलेली संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. धीर देण्यासाठी मी खोटे बोलणार नाही. अभियंत्याने दिलेली टिपणे नीट वाक्यांत बसवणे एवढेच ज्याचे कौशल्य आहे, त्याचे काम घटेल, घटू लागले आहे. पण अभियंत्याच्या टिपणात हेक्टर असेल तर यंत्र हेक्टरचेच सुरेख मराठी वाक्य करून देईल. बांधावर झाकणाने मोजतात, हे त्या टिपणात नसते. ते तिथे जाऊन, हातांकडे बघून, दोन अडाणी वाटणारे प्रश्न विचारून आणावे लागते. आणि मात्रा चुकली तर विचारायचे कोणाला, या प्रश्नाला माणसाचेच नाव उत्तर म्हणून लागते. म्हणून या पेशात येऊ पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे उलट्या क्रमाचे आहे. इंग्रजी व्याकरण आणि सॉफ्टवेअरची साधने मागाहून शिकता येतील. डिप्लोमा करून दोन वर्षे शॉप फ्लोअरवर काढलेला मुलगा, वॉर्डात रात्रपाळ्या केलेली परिचारिका, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभा राहिलेला कृषी पदवीधर, यांच्यापाशी या कामाचे अर्धे भांडवल आधीच असते.

मराठीत हे जमणार नाही, परिभाषाच नाही, हे कारण मला मान्य नाही. परिभाषा गॅरेजात आहे. पाना, आटे, वायसर, नट आवळणे, मोटर जळणे हे शब्द रोज काम करतात, आणि त्यातले इंग्रजीतून आलेले शब्दही कधीच मराठी झालेले आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाने 1960 नंतर परिभाषेचे कोशही पुष्कळ काढले. उणीव आहे ती या दोहोंच्या मध्ये बसून, एका हाताने कोश आणि दुसऱ्या हाताने पाना धरून लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराची. ज्या शहरात परक्या देशातल्या ग्राहकासाठी पुस्तिकेचे पान पान तपासले जाते, त्याच शहरातून निघालेल्या मालाचे मराठी पत्रक शेवटच्या दिवशी मिळेल त्या अनुवादकाकडून करून घेतले जाते, आणि छापण्याआधी ते एकाही शेतकऱ्याच्या हातात दिले जात नाही. हे बदलणे उत्पादकांच्या हातात आहे आणि सुरुवातीला फार खर्चाचेही नाही. कीटकनाशक बनवणाऱ्यांनी पुढच्या खरिपाआधी एवढे करावे: डब्याच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत, 16 लिटरच्या एका पंपाला किती मिली ते छापावे. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचा आकडा त्याच्याशेजारी, वेगळ्या चौकटीत द्यावा. ज्या झाकणात अजून मिलीची रेघ नाही, त्यात ती उमटवावी. आणि छपाईला पाठवण्याआधी तो डबा दहा शेतकऱ्यांच्या हातात देऊन ते काय करतात, हे गप्प उभे राहून पाहावे.